हिंद महासागरी हंपबॅक डॉल्फिन

हिंद महासागरी हंपबॅक डॉल्फिन (शास्त्रीय नाव : सूसा प्लंबिया) हा तिमिगणातील डेल्फिनिडी कुलाचा, किनाऱ्यालगत राहणारा सस्तन प्राणी आहे. पाठीच्या मध्यावर असलेले लांबट कुबड आणि त्या कुबडाच्या माथ्यावर बसलेला लहान त्रिकोणी पर ही त्याची ठळक ओळख होय. दक्षिण आफ्रिकेपासून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत पसरलेल्या किनाऱ्यांच्या उथळ पाण्यात तो आढळतो. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर उभे राहून जे डॉल्फिन दृष्टीस पडतात, ते बहुधा याच जातीचे असतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ या वर्गात नोंदलेली आहे.

या डॉल्फिनच्या वसतिस्थानाची लांबी हजारो किलोमीटर असली, तरी रुंदी काही किलोमीटरच आहे. नकाशावर त्याचा प्रदेश विस्तीर्ण दिसतो. प्रत्यक्षात तो किनाऱ्याला चिकटलेली एक अरुंद पट्टी आहे. जाळी, बंदरे, सांडपाणी, भराव आणि पर्यटकांच्या होड्या याच पट्टीत असल्यामुळे समुद्रातील इतर अनेक डॉल्फिनांपेक्षा या जातीचा माणसाशी अधिक जवळचा संबंध येतो.

नाव

‘हंपबॅक’ म्हणजे कुबड असलेला. मराठीत त्याला कुबडधारी डॉल्फिन असेही म्हणतात. शास्त्रीय नावातील ‘प्लंबिया’ हा शब्द शिसे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला असून तो प्राण्याच्या शिशासारख्या करड्या रंगाला उद्देशून आहे.

‘डॉल्फिन मासा’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून व बोलण्यातून सर्रास होतो. तो चुकीचा आहे. डॉल्फिन हवेत श्वास घेतो, पिलांना जन्म देतो आणि त्यांना दूध पाजतो. मराठीत या प्राण्याला सर्वत्र मान्य झालेला स्वतःचा शब्द रुळला नाही, यामागे भाषेचा एक मनोरंजक इतिहास आहे. संस्कृतातील ‘शिशुमार’ किंवा ‘शिंशुमार’ या शब्दापासून हिंदीत ‘सूँस’ हा शब्द आला आणि तो गंगेतील डॉल्फिनला लागला. त्याच शब्दापासून मराठीत ‘सुसर’ झाली आणि ती मात्र मगरीच्या जातकुळीतील प्राण्याचे नाव ठरली. एकाच मूळ शब्दाने उत्तरेत एक प्राणी धरला, दक्षिणेत दुसरा. परिणामी मराठी लेखनात ‘डॉल्फिन’ हा परका शब्दच स्थिरावला.

वर्गीकरणाचा इतिहास

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन भारतीय किनाऱ्यावरील नमुन्यावरूनच झाले. द्यूसुमिए या फ्रेंच व्यापारी-संग्राहकाने मलबार किनाऱ्यावरून मिळवलेल्या प्राण्याच्या आधारे जॉर्ज क्यूव्हिए यांनी १८२९ साली तिला ‘डेल्फिनस प्लंबियस’ असे नाव दिले. पुढे १८६६ साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी ‘सूसा’ ही प्रजाती निर्माण केली.

त्यानंतर मात्र या प्रजातीत नेमक्या किती जाती मानाव्यात याविषयी दीर्घकाळ मतभेद राहिले. चीनच्या किनाऱ्यावरील गुलाबी-पांढरट डॉल्फिन (सूसा चायनेन्सिस) १७६५ सालापासून ज्ञात होता. भारतातील करडा, कुबडाचा डॉल्फिन हा त्याचाच एक प्रकार आहे असे अनेक तज्ज्ञ मानत, आणि त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुष्कळ भारतीय नोंदी ‘सूसा चायनेन्सिस’ या नावाखालीच झाल्या आहेत. गोव्याच्या किनाऱ्यावरील निरीक्षणांचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आणि भारत व श्रीलंका येथील नोंदींचा २००४ सालचा आढावा हे दोन्ही याच नावाने लिहिलेले आहेत. जुने संदर्भ वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

२०१४ साली जेफरसन व रोझेनबॉम यांनी कवटीची मोजमापे, बाह्य शरीररचना आणि जनुकीय पुरावे एकत्र मांडून सूसा प्रजातीत चार जाती निश्चित केल्या. पश्चिम आफ्रिकेची सूसा ट्यूझाय, हिंद महासागराची सूसा प्लंबिया, पूर्व व आग्नेय आशियाची सूसा चायनेन्सिस आणि ऑस्ट्रेलिया–न्यू गिनीच्या पाण्यातील सूसा साहुलेन्सिस अशा त्या चार जाती होत. शेवटची जात त्याच शोधनिबंधात नव्याने वर्णिली गेली.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील डॉल्फिन सूसा प्लंबिया होत, याविषयी आता फारसा वाद नाही. पूर्व किनाऱ्याची गोष्ट निराळी आहे. रिचर्ड ओवेन यांनी १८६६ साली विशाखापट्टणम येथील नमुन्यावरून ठिपकेदार कातडीच्या एका डॉल्फिनला ‘डेल्फिनस लेंटिजिनोसस’ असे वेगळे नाव दिले होते. ते नाव आज स्वतंत्र जातीचे म्हणून वापरात नाही. परंतु बंगालच्या उपसागरातील हे प्राणी नेमके कोणत्या जातीत घालावेत, हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. बांगलादेशाच्या किनाऱ्यावरील डॉल्फिन जनुकीय तपासणीत इतर गटांपासून वेगळे आढळले आहेत. महाराष्ट्राचा समुद्र म्हणजे अरबी समुद्र अशी समजूत असली, तरी विदर्भाचे बरेचसे पाणी बंगालच्या उपसागरास मिळते. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा वर्धा नदीला, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीतून पूर्वसमुद्राला पोहोचते. राज्याच्या पश्चिमेकडील खाड्यांच्या मुखाशी वावरणाऱ्या डॉल्फिनची जात ठरलेली आहे. राज्यातील मोठ्या नद्या ज्या समुद्रात उतरतात, तेथील डॉल्फिनांची ठरायची आहे.

शरीररचना

पूर्ण वाढलेल्या नराची लांबी सुमारे २.८ मीटरपर्यंत आणि वजन सुमारे २६० किलोग्रॅमपर्यंत भरते. मादी लहान असते. तिची लांबी साधारणतः २.४ मीटर व वजन १७० किलोग्रॅमच्या आसपास असते. ही मापे मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेल्या प्राण्यांची आहेत. नवजात पिलू सुमारे एक मीटर लांबीचे असते.

शरीर भरदार, मधोमध जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळते असते. मुस्कट लांब, सडपातळ व चोचीसारखे पुढे आलेले असते. कपाळावर चरबीचा उंचवटा असतो, परंतु तो बाटलीनाक डॉल्फिनइतका फुगीर नसतो. वरच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस ३३ ते ३९ आणि खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस ३१ ते ३७ दात असतात. सर्व दात एकसारखे, टोकदार असतात. त्यांचे काम निसटत्या माशाला पकडून ठेवण्याचे असते. चावण्याचे नव्हे, कारण भक्ष्य गिळलेच जाते. दाताचा उभा छेद घेतल्यास त्यात झाडाच्या खोडासारखे वाढीचे थर दिसतात आणि त्यावरून प्राण्याचे वय काढता येते.

कुबड ही या जातीची सर्वांत महत्त्वाची खूण होय. ते पाठीच्या मध्यभागी लांबीच्या सुमारे एकतृतीयांश भागावर पसरलेले असते. उंटाच्या वशिंडासारखे ते उभे टोकदार नसते. लांबट, उतरत्या कडांचे असते. त्याच्यावर पर बसलेला असल्याने लांबून पाहणाऱ्याला प्रथम एक उंचवटा आणि मग त्यावर छोटासा त्रिकोण असे दोन टप्पे दिसतात. पिलांमध्ये कुबड फारसे जाणवत नाही. वयाबरोबर ते वाढते, आणि वयस्क नरांत सर्वाधिक मोठे दिसते. चीनच्या किनाऱ्यावरील सूसा चायनेन्सिसला असे कुबड नसते. तिचा पर रुंद पायावर थेट पाठीवरूनच उठतो. दोन जाती वेगळ्या करण्यास हा एकच फरक पुष्कळदा पुरेसा होतो.

पाठ व बाजू शिशासारख्या गडद करड्या किंवा तपकिरी करड्या असतात. पोटाकडे रंग फिकट होत जातो. पिले फिकट करडी असतात. वयस्क प्राण्यांच्या पराच्या टोकाशी आणि कुबडावर पांढरट किंवा गुलाबी चट्टे पडतात. त्यांत जुन्या जखमांचे व्रणही मिसळलेले असतात. पराच्या मागील कडेवर कालांतराने पडलेल्या खाचा प्रत्येक प्राण्यात वेगळ्या असतात. संशोधक या खाचांची छायाचित्रे घेऊन एकेक डॉल्फिन ओळखतात आणि तोच प्राणी पुन्हा कोठे व केव्हा दिसला याची नोंद ठेवतात. समुद्रातील संख्येचे बरेचसे अंदाज या पद्धतीवर आधारलेले असतात.

पुढचे दोन अवयव वल्ह्यासारखे, टोकाला गोलसर असतात. त्यांच्या आत मनुष्याच्या हाताप्रमाणेच दंड, मनगट व बोटांची हाडे असतात. मागचे पाय बाह्यतः नाहीत. शेपटीचा पंखा आडवा असून तो वर-खाली हलतो. माशाची शेपटी उभी असते आणि ती डावी-उजवीकडे हलते. पाण्यातून चालत असलेला प्राणी मासा की डॉल्फिन, हे शेपटीच्या हालचालीवरूनही सांगता येते. डोक्याच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे एकच श्वासरंध्र असते. त्वचेखाली चरबीचा थर असतो, तो शरीराची उष्णता टिकवतो.

गढूळ पाण्यातील दृष्टी

कोकणच्या खाड्यांच्या मुखाशी पाणी वर्षाचा बराच काळ गढूळ असते. पावसाळ्यात तर सह्याद्रीवरून उतरणाऱ्या आखूड, वेगवान नद्या डोंगरउतारावरील माती थेट समुद्रात आणून टाकतात. अशा पाण्यात डोळ्यांचा उपयोग मर्यादित असतो. या डॉल्फिनचे डोळे लहान असले तरी ते पाहू शकतात; या बाबतीत तो गंगेतील जवळजवळ अंध डॉल्फिनपेक्षा वेगळा आहे. तथापि भक्ष्य शोधण्यासाठी त्याची मुख्य भिस्त आवाजावर असते.

श्वासमार्गातील विशिष्ट अवयवांच्या साहाय्याने तो अतिशय कमी कालावधीचे, उच्च कंप्रतेचे टकटक आवाज काढतो. कपाळावरील चरबीचा उंचवटा भिंगासारखे काम करून ते आवाज एका झोतात पुढे पाठवतो. समोरच्या वस्तूवर आपटून परत आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील चरबीतून आतल्या कानापर्यंत पोहोचतो. माशाचा आकार, अंतर आणि हालचाल यांचा बोध त्याला त्यातून होतो. एकमेकांशी संपर्क ठेवण्यासाठी तो शीळ घातल्यासारखे वेगळे आवाज काढतो. होड्यांच्या यंत्रांचा, गाळ उपसण्याचा किंवा समुद्रात खांब ठोकण्याचा आवाज या प्राण्याला एवढा त्रासदायक का ठरतो, याचे उत्तर यातच आहे. माणसाच्या दृष्टीने जो केवळ गोंगाट, तो डॉल्फिनच्या दृष्टीने धुके असते.

सारख्या दिसणाऱ्या जाती

कोकणच्या किनाऱ्यालगत आणखी दोन जातींशी याची गल्लत होते. हिंद-प्रशांत बाटलीनाक डॉल्फिनचा पर उंच व मागे वळलेला, कोयतीसारखा असतो. मुस्कट आखूड व जाड असते आणि कुबड नसते. दुसरा प्राणी फिनलेस पॉरपॉईज. त्याच्या पाठीवर पर नसतोच, मुस्कट गोल असते आणि तो आकाराने पुष्कळ लहान असतो. पॉरपॉईज पाण्यावर क्षणभरच दिसतो, त्यामुळे जिवंत प्राण्याच्या नोंदी थोड्या आणि किनाऱ्याला लागलेल्या मृत प्राण्यांच्या नोंदी अधिक अशी त्याची स्थिती आहे. मृत पॉरपॉईजला ‘डॉल्फिनचे पिलू’ ठरवणाऱ्या बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतात. हवेत गिरक्या घेणारे स्पिनर डॉल्फिन मुख्यत्वे खोल समुद्रात असतात व किनाऱ्यावरून क्वचितच दिसतात.

पाण्यावर येण्याची पद्धतही ओळखीस उपयोगी पडते. हंपबॅक डॉल्फिन वर येताना प्रथम मुस्कट, आणि बहुधा संपूर्ण डोके पाण्याबाहेर काढतो. मग पाठीची कमान होते, कुबड व पर दिसतात आणि खोल बुडी असल्यास शेवटी शेपटीचा पंखा वर येतो. बुडी सहसा एक मिनिटाच्या आतली असते. काही मिनिटे तो पाण्याखाली राहू शकतो. होडीच्या नाळेपुढे लाटेवर स्वार होऊन पोहण्याची इतर डॉल्फिनांची सवय याच्यात क्वचित दिसते. होडी जवळ आली की तो बुडी मारून दिशा बदलतो. पर्यटकांना दाखवल्या जाणाऱ्या चित्रांतील उड्या मारणारा, माणसाळलेला डॉल्फिन आणि प्रत्यक्षातील हा बुजरा प्राणी यांत बरेच अंतर आहे.

अधिवास

हा डॉल्फिन बहुधा २५ मीटरपेक्षा कमी खोलीच्या पाण्यात राहतो. उथळ उपसागर, नद्यांची व खाड्यांची मुखे, वाळूचे दांडे, खडकाळ किनारे आणि कांदळवनांलगतचे पाणी ही त्याची आवडती ठिकाणे होत. दक्षिण आफ्रिकेच्या अल्गोआ उपसागरात केलेल्या निरीक्षणांत तो बहुतेक वेळा किनाऱ्यापासून सुमारे ४०० मीटरच्या आत दिसला. जेथे उथळ समुद्र दूरपर्यंत पसरलेला असतो, तेथे तो अधिक आत जातो. म्हणजे त्याची मर्यादा अंतराने ठरत नाही, खोलीने ठरते. भरतीबरोबर खाडीत शिरणे आणि ओहोटीबरोबर मुखाशी येणे अशी त्याची हालचाल अनेक ठिकाणी नोंदली गेली आहे. तथापि तो नदीचा प्राणी नाही. गोड्या पाण्यात वस्ती करून राहत नाही.

त्याचा प्रदेश दक्षिण आफ्रिकेतील फॉल्स उपसागरापासून सुरू होतो. मोझांबिक, मादागास्कर, टांझानिया, केनिया, तांबडा समुद्र, ओमान, इराणचे आखात व पाकिस्तान या मार्गाने तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येतो. या प्रदेशात वस्ती सलग नाही. मधे मोठे रिकामे पट्टे आहेत. दक्षिण आफ्रिकेतील संपूर्ण संख्या ५०० पेक्षा कमी असावी असा अंदाज आहे. ओमानच्या किनाऱ्यावर शंभरापर्यंत डॉल्फिनांचे मोठे कळप दिसल्याच्या नोंदी आहेत. अन्यत्र कळप सामान्यतः दहाच्या आतबाहेर असतो.

महाराष्ट्र आणि गोवा

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा किनारा आहे. तो सरळ नाही. वैतरणा, ठाणे, धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, कर्ली व तेरेखोल अशा खाड्यांनी तो जागोजागी कापलेला आहे. प्रत्येक खाडीच्या मुखाशी गाळ, गोडे पाणी आणि समुद्राचे पाणी एकत्र येतात, तेथे मासळीची पैदास होते आणि मासळीमागोमाग डॉल्फिन येतो. कोकणची ही दंतुर रचना या प्राण्याला जणू ठरावीक अंतरावर मांडलेली जेवणाची ताटेच पुरवते.

मुंबईत मलबार हिल व मरीन ड्राइव्हच्या समोरच्या पाण्यात हिवाळ्यात डॉल्फिन दिसतात. २०२० च्या टाळेबंदीत तेथील चित्रफिती सर्वदूर पसरल्या आणि माणूस घरात बसल्यामुळे डॉल्फिन ‘परत आले’ असा समज झाला. वस्तुतः ते त्यापूर्वीच्या वर्षांतही दिसत होते. त्या दिवसांत त्यांच्याकडे पाहण्यास लोकांना सवड मिळाली, एवढेच म्हणता येईल.

रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत मुरुड, हर्णै, दाभोळ, गुहागर या भागांत, तर सिंधुदुर्गात देवगड, मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती व वेंगुर्ले या पट्ट्यात ते दिसतात. देवबाग येथे कर्ली नदी समुद्रास मिळते आणि तिच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. अशी जागा या जातीला विशेष मानवते. मालवण येथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. प्रवाळ व किनारी जीवसृष्टीच्या रक्षणासाठी ते महत्त्वाचे आहे. परंतु दिवसाकाठी अनेक किलोमीटर फिरणाऱ्या डॉल्फिनला एवढे क्षेत्र म्हणजे वाटेवरचा एक थांबा होय. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर २०११ नंतर राबवलेल्या जैवविविधता प्रकल्पाच्या काळात या भागातील डॉल्फिनांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. तोपर्यंतची माहिती बव्हंशी किनाऱ्याला लागलेल्या मृत प्राण्यांच्या विखुरलेल्या नोंदींवर अवलंबून होती.

गोव्यात मांडवी व झुवारी या नद्यांच्या मुखांपासून दक्षिणेस पाळोळेपर्यंत आणि पुढे कर्नाटकात कारवारच्या काळी नदीच्या मुखाशी ही जात नियमित आढळते.

डॉल्फिन हिवाळ्यात येतात व पावसाळ्यात निघून जातात, असे किनाऱ्यावर पुष्कळदा ऐकू येते. या समजुतीकडे सावधपणे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटनाच्या होड्याही थांबलेल्या असतात आणि खवळलेल्या समुद्रात कुबड किंवा पर दिसणे अवघड असते. नोंदी नाहीत त्या पाहणारा नाही म्हणून, की प्राणी नाही म्हणून, हे केवळ हिवाळी निरीक्षणांवरून ठरवता येत नाही.

आहार आणि प्रजनन

मुख्य आहार किनाऱ्यालगतचे व खाडीतील मासे हा आहे. बोय, ढोमा, तारली यांसारखे थव्याने किंवा तळालगत राहणारे मासे तो खातो. माकूळही थोड्या प्रमाणात खातो. अनेक डॉल्फिन मिळून थव्याला उथळ पाण्याकडे रेटतात. मासेमारी करणाऱ्या ट्रॉलरच्या मागे राहून निसटलेली मासळी पकडणेही काही भागांत नोंदलेले आहे.

गर्भकाळ १० ते १२ महिन्यांचा असतो. एका वेळी एकच पिलू होते आणि दोन पिलांत साधारणतः तीन वर्षांचे अंतर असते. मादी सुमारे दहाव्या वर्षी प्रजननक्षम होते, नर त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. आयुष्य चाळीस वर्षांपर्यंत असू शकते. या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. दहा वर्षे वाढलेली एक मादी जाळ्यात बुडाली, तर तिच्या जागी दुसरी प्रौढ मादी तयार होण्यास आणखी एक दशक लागते. आणि लहान वस्तीत अशा माद्या मोजक्याच असतात.

मासेमारी आणि डॉल्फिन

या जातीला सर्वांत मोठा धोका मासेमारीच्या जाळ्यांचा आहे. नायलॉनची तरती व तळाची जाळी पाण्यात जवळजवळ अदृश्य असतात आणि त्यांचा बारीक धागा प्रतिध्वनीनेही नीट कळत नाही. जाळ्यातील मासे खाण्यास आलेला डॉल्फिन त्यात गुरफटतो. सस्तन असल्यामुळे त्याला श्वासासाठी वर यावेच लागते. ते न जमल्यास काही मिनिटांत तो गुदमरून मरतो. त्याला मारण्याचा हेतू येथे कोणाचाही नसतो.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. डॉल्फिन जाळ्यातील मासळी ओरबाडून खातात, तेव्हा जाळे फाटते. लहान होडीवर दोघे-तिघे मिळून मासेमारी करणाऱ्या कुटुंबाला फाटलेले जाळे म्हणजे गेलेली मासळी, दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेला दिवस असा तिहेरी तोटा असतो. सिंधुदुर्गातील पारंपरिक मच्छीमार डॉल्फिनविषयी नाराजीने बोलतात ते यामुळे. बांगडा, तारली यांसारखी मासळी कमी झाली की माणूस आणि डॉल्फिन एकाच जाळ्याभोवती येतात. मुळातील तंटा उरलेल्या मासळीचा असतो. ज्या रापणीत सारा गाव दोर ओढण्यास उभा राहतो, तिच्या वेढ्यात डॉल्फिन सापडला तर त्याला जिवंत बाहेर काढणे तुलनेने सोपे असते, कारण जाळे उथळ पाण्यात व माणसांच्या हाताशी असते.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये एक योजना सुरू केली. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळते. वनविभागाचा कांदळवन कक्ष व मत्स्यव्यवसाय विभाग यांच्यामार्फत ती राबवली जाते. प्राणी सोडल्याची छायाचित्रे वा चित्रफीत पुरावा म्हणून द्यावी लागते. या योजनेचा लाभ समुद्री कासवे, देवमुशी आणि डॉल्फिन अशा अनेक प्राण्यांना झाला आहे. शिक्षेच्या धाकाने जे साधत नाही, ते जाळ्याची किंमत भरून दिल्याने साधते, असे या योजनेच्या अनुभवावरून म्हणता येते.

इतर धोके

किनाऱ्यावरील भराव, धक्के, बंदरे व जलमार्गांसाठी गाळ उपसणे यांमुळे उथळ पाण्याची पट्टी आणखी अरुंद होते. खोल समुद्रातील जातीला एक खाडी टाळून पुढे जाता येते. या जातीला तशी मोकळीक नसते. शहरांचे सांडपाणी, कारखान्यांची रसायने व शेतीतील कीटकनाशके प्रथम याच पाण्यात उतरतात. अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला असल्यामुळे ही द्रव्ये त्याच्या चरबीत साठतात आणि मादीच्या दुधावाटे पिलात, विशेषतः पहिल्या पिलात, जातात. दक्षिण आफ्रिकेतील या जातीच्या प्राण्यांत अशा प्रदूषकांचे मोठे प्रमाण आढळले आहे. तेथील क्वाझुलू-नाताल प्रांतात पोहणाऱ्यांच्या संरक्षणासाठी शार्कविरोधी जाळी लावलेली असतात. त्यांतही हे डॉल्फिन मरतात.

पर्यटनाचा प्रश्न नाजूक आहे. तारकर्ली, दापोलीचा किनारा व गोवा येथे डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांवर अनेक कुटुंबांची उपजीविका चालते, आणि जिवंत डॉल्फिनला किंमत आहे ही जाणीव त्यातूनच निर्माण होते. परंतु एका लहान कळपाला चार-पाच होड्यांनी घेरले, यंत्रे सुरू ठेवून पाठलाग केला, तर डॉल्फिनांचे खाणे व विसावणे मोडते आणि पिलू आईपासून दूर पडते. यंत्र बंद करून अंतरावर थांबलेल्या होडीतून ते अधिक वेळ दिसतात, हे अनुभवी नावाडी जाणतात.

संरक्षण

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ही जात अनुसूची १ मध्ये आहे. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या परिशिष्ट १ मध्ये तिचा समावेश असल्याने तिचा व्यापार करता येत नाही. केंद्र शासनाने २०१३ साली देशात डॉल्फिनांच्या खेळांची जलगृहे उभारण्यास मनाई केली. १५ ऑगस्ट २०२० रोजी घोषित झालेल्या ‘प्रोजेक्ट डॉल्फिन’मध्ये नदीतील डॉल्फिनबरोबर समुद्रातील डॉल्फिनही धरलेले आहेत. तरीही देशाचा राष्ट्रीय जलचर असलेल्या गंगेच्या डॉल्फिनला जेवढी प्रसिद्धी लाभली, तिच्या मानाने किनाऱ्यावरचा हा प्राणी मागेच राहिला आहे.

लाल यादीतील ‘संकटग्रस्त’ हा दर्जा एका हिशेबावर आधारलेला आहे. एका पिढीचा काळ सुमारे २५ वर्षे धरल्यास तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षे होतात. जाळ्यांतील मृत्यू व वसतिस्थानाचा ऱ्हास चालू राहिला तर एवढ्या काळात या जातीची संख्या निम्म्याहून अधिक घटते, असा मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे.

किनाऱ्याला लागलेला मृत डॉल्फिन पुरून टाकण्यापूर्वी वनविभागाला कळवणे उपयुक्त ठरते. कुबडाचे व पराचे बाजूने घेतलेले छायाचित्र, मुस्कटापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंतची सरळ लांबी, नर की मादी याची नोंद आणि जबड्याच्या एका बाजूचे दात मोजलेले असले, की जात निश्चित होते. कातडीवर जाळ्याच्या धाग्याचे वळ असल्यास मृत्यूचे कारणही कळू शकते. शरीर सडलेले असले तरी कवटी व दात टिकतात.